डाव्या हाताला शून्य

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही, असं बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. मी कोणाचं काही घेतलं नव्हतं, कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता. मला नेमून दिलेलं काम केलं होतं. आता वय बेचाळीस झालं आणि हे समजावणं जमेनासं झालंय, म्हणून लिहिते.

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. माझं लग्न व्हायचं होतं. सकाळच्या गाडीने मी घोरावाडीहून लोणावळ्याला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. लोणावळ्यात बाजारापासून जरा वर, एका मुंबईकराने दिलेल्या बंगल्यात, लहान मुलांसाठी एक केंद्र चालायचं. जन्मताना किंवा त्याच्या आगेमागे मेंदूला इजा झालेली, त्यामुळे हातपाय आखडलेली मुलं तिथं आणत. गावाकडचे लोक म्हणायचे, पोराच्या अंगावरून वारं गेलंय. केंद्राच्या प्रमुख त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणायच्या, मग आम्हीही तसंच म्हणायला शिकलो. या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पुण्याच्या, पन्नाशीतल्या, परदेशात शिकून आलेल्या. पांढरं सुती पातळ आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. बोलणं तुटक, पण मुलांच्या अंगाला हात लावताना तोच हात इतका हलका व्हायचा की रडणारं पोर गप्प बसायचं. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. चूक माझी होती, आणि ती त्यांची होती त्यापेक्षा जास्त माझी होती. का, ते पुढे सांगते.

मी तिथं मोजणारी होते. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर फळी, फळीला तक्ता. ज्या मुलांचा एकच हात आखडलेला असतो, त्यांचा तो हात धड हाताच्या मदतीला किती येतो, हे मला मोजायचं होतं. एका हाताचा जोर मोजणं सोपं, बाई म्हणायच्या; दोन हातांचा मेळ मोजायला हवा, कारण जगायला तो लागतो. त्यासाठी त्यांनी बारा कामं ठरवली होती. केळं सोलणं. शेंग फोडून दाणा काढणं. चिक्कीचा कागद उघडणं. भाकरीचा तुकडा मोडणं. डब्याचं झाकण काढून चुरमुरे घेणं. मणी ओवणं. झबल्याची नाडी बांधणं. अशी. बारापैकी आठ कामं खाण्याची होती. मुलं खेळण्याकडे वळतीलच असं नाही, खाण्याकडे वळतात, हा बाईंचा विचार होता आणि तो बरोबरच होता. एकदा एका पोराने सगळ्या शेंगा संपवून मला विचारलं होतं, "बाई, अजून मोजायचं ऱ्हायलंय का?"

प्रत्येक कामाला आखडलेल्या हातासाठी गुण. हात आलाच नाही तर शून्य. आला, नुसता टेकला, तर एक. वस्तू धरली तर दोन. धरून फिरवली तर तीन. आणि एक नियम सगळ्यांच्या वर होता: मुलाला सांगायचं नाही. 'तो हात लाव' असं म्हणायचं नाही, खूण करायची नाही, नजरसुद्धा त्या हाताकडे न्यायची नाही. सांगून आलेला हात तो खरा नव्हे. आपणहून येतो तो मोजायचा.

या गुणांवर पुढचं सगळं ठरायचं. बंगल्यात आठच खाटा होत्या. ज्याला निदान बारा गुण पडतील त्याला सहा महिने ठेवून घ्यायचं, रोज हात ताणायचा, प्लास्टरच्या पट्टीत बांधायचा, कामाला लावायचा. बाराच्या आत असेल त्याला परत पाठवायचं. ज्या हाताला यायचीच इच्छा नाही त्याच्यावर खाट अडवून ठेवण्यात अर्थ नाही, असं बाईंचं म्हणणं. आणि वय नऊ-दहाच्या पुढे गेलं की बोटं तिथल्या तिथं धरून बसतात, मग कोणालाच काही करता येत नाही.

सुरुवातीला एकदा मी तक्त्याच्या खाली लिहिलं होतं, 'मुलाला आज कसकस होती.' बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, "तू मोज. अंदाज बांधायला मी आहे." मी शरमले. नंतर कधी शेरा लिहिला नाही. तीन-चार महिन्यांनी त्याच बाई कोणा पाहुण्यांना सांगत होत्या, "ही मुलगी मोजते. मधे स्वतःला घालत नाही." ते ऐकून मला किती बरं वाटलं, हे आज लिहायची लाज वाटते.

ती मुलगी पावसाळ्यानंतर आली. कामशेतच्या पलीकडे, पवनेकडच्या डोंगरात एक वाडी आहे, तिथली. बापाबरोबर पहाटे उठून कामशेतपर्यंत चालत आली होती, तिथून गाडीने. वय आठ-नऊ. डावा हात कोपरात वाकलेला, मूठ मिटलेली, अंगठा आत. बाप मोलमजुरी करायचा, मधल्या दिवसांत पत्रावळी लावून कामशेतच्या बाजाराला आणायचा. दाराशी उभा राहून त्याने विचारलं, "मी हितंच बसू का, ताई? का भाईर?"

"बाहेर बसा. तुम्ही दिसलात की ती तुमच्याकडेच बघत राहील."

"न्हाई बघायची. लय शानी हाय ती," तो म्हणाला आणि बाहेर गेला, तो असा उभा राहिला की खिडकीतून त्याचं अर्धं मुंडासं दिसत होतं.

मुलीने पुढ्यातल्या थाळीकडे पाहिलं. "ह्ये समदं मला?"

"हो. पण एकेक."

"खाल्लं तर चालंल?"

"खायचंच आहे."

"मंग ह्यो कसला विलाज? असला विलाज रोज करा की."

मी हसले आणि घड्याळ दाबलं. तिने मांडी घातली, डावा हात मांडीखाली सरकवला आणि ओढणीसारखं जे फडकं खांद्यावर होतं ते त्यावर ओढून घेतलं. केळ्याचं टोक दातांनी तोडून उजव्या हाताने साल उलगडली. मी शून्य लिहिलं. शेंग दाताखाली फोडली. शून्य. चिक्कीचा कागद दातांनी. शून्य. डबा गुडघ्यांत धरला आणि झाकण उजव्या हाताने काढलं. शून्य. भाकरी तिने तीन बोटांनी दाबून धरली आणि त्याच हाताच्या अंगठ्याने तुकडा मोडला, इतका सुबक, की मी क्षणभर बघत राहिले. मग शून्य लिहिलं. मणी आम्ही त्याच थाळीत द्यायचो. तिने विचारलं, "ह्ये बी खायाचं?" मी नाही म्हटलं. तिने दोऱ्याचं टोक दातात धरून एका हाताने मणी ओवले. शेवटी झबल्याची नाडी आली आणि थाळीचा पसारा बाजूला झाला, तेव्हा तो हात फडक्याखालून बाहेर आला, नाडीवर टेकला, थोडी धरली. आणखी एका कामात तसंच. एकूण चार.

बाईंनी तक्ता पाहिला. "चार."

"हो."

"येतच नाही म्हणायचा हात. मूठ मी सकाळी पाहिली, उघडते अजून." त्यांनी चष्मा काढला. "ठीक आहे. पुढच्या वर्षी बघू म्हणावं. तीन वाजता सह्या करू."

तक्ता त्यांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली राहिला आणि मी डबा घेऊन मागच्या ओट्यावर गेले.

कुंपणाजवळ पळसाचं झाड होतं. त्याच्याखाली ती मुलगी बसली होती. बाप कुठं दिसत नव्हता. तिने पळसाची पानं गोळा केली होती आणि झाडूच्या हिराच्या काड्या मोडून शेजारी ठेवल्या होत्या. ती द्रोण लावत होती. डाव्या मुठीने पान गुडघ्यावर दाबून धरायचं, दुसरं पान अंगठा आणि पहिलं बोट यांच्या फटीत सरकवायचं. फट व्हायची. मूठ थोडी सैल व्हायची, पान आत घ्यायची आणि पुन्हा धरायची. उजव्या हाताने काडी टोचायची. मग डाव्या हाताने पान वळवायचं आणि पुढची काडी. गळ्यातलं घड्याळ मी सवयीने दाबलं होतं हे मला नंतर कळलं. धरून फिरवलं. आमच्या तक्त्यात त्याला तीन गुण होते.

तिने माझ्याकडे पाहून सांगितलं, "माज्या बाला पानी प्यायला." आणि पुढचं पान घेतलं.

मी ओट्यावर बसून डबा उघडला. भाकरी मोडली. एका हाताने मोडली. माझा डावा हात मांडीत होता, पदराखाली. रोजच असायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी ताटात डावा हात गेला की आई त्यावर उलथन्याची दांडी मारायची. मोठ्या बाईसुद्धा दुपारी माझ्या शेजारी बसून तशाच जेवायच्या, डावा हात मांडीत ठेवून. आम्ही दोघी रोज एका हाताने भाकरी मोडत होतो आणि सकाळी मुलांना त्याच भाकरीला शून्य देत होतो.

शेंगा सोलताना, केळं सोलताना आपण दोन्ही हात लावतो, त्याला कोणी काही म्हणत नाही, हे खरं. पण ती सूट धड हाताला असते. ज्या पोराचा डावा हात वारं जाऊन आखडलेला आहे, नीट धुता येत नाही, त्याला घरात पहिल्यापासून एकच शिकवलेलं असतं: तो हात अन्नापासून लांब. आणि परक्या घरी, शहरातल्या बायांसमोर, वाडीवरची शहाणी मुलगी तो हात बाहेर कशाला काढेल? मला हे कोणी समजावून सांगायला नको होतं. मी विलायतेत शिकून आले नव्हते. घोरावाडीची होते.

मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग मला आत जावं लागलं असतं.

आत जायला वीस पावलं होती. तक्त्यावर सही व्हायची होती. मी उठलेही. पण ओट्यावरून उतरताना मला कपाटातली वही आठवली. त्या वहीत माझ्या अक्षरात किती मुलं होती. डाव्या बाजूची जेवढी होती, त्यांतली बहुतेक मी बाराच्या आत बसवली होती. उजव्या बाजूची वर होती, का नसतील? उजवा हात कितीही लुळा असला तरी खाताना तोच पुढे करायचा असतो, पोरं तो ओढत ओढत थाळीपर्यंत आणायची आणि मी गुण द्यायचे. गेल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या होत्या, "गंमत बघ. डाव्या बाजूची मुलं आपल्याकडे जास्त बिघडलेली दिसतात. कारण कळत नाही, पण तुझे आकडे स्वच्छ सांगतात." मुंबईला डॉक्टरांच्या सभेत त्या हेच वाचून दाखवणार होत्या. लिहून तयार होतं. मीच कार्बन लावून नक्कल केली होती.

या एका मुलीचं सांगायचं तर त्या सगळ्यांचं सांगावं लागणार होतं. जी परत गेली त्यांचं. आणि मग मी मोजणारी राहिले नसते.

मी डबा धुतला. सावकाश धुतला. तीन वाजले.

बापाला निकाल मी सांगायचा, असा रिवाज होता, कारण बाईंची भाषा लोकांना कळत नसे. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी या."

"म्हंजी ह्या वर्षाला न्हाई?"

"नाही. तिचा हात मदतीला येत नाही."

तो म्हणाला, "घरी येतो की थोडाबहुत. भाताच्या आवणीला रोपाची मूठ धरती ती डाव्यात. आमी बघतो न्हवं."

मी म्हणाले, "इथं आला नाही."

हे तीन शब्द मी म्हणाले. त्याच्या हातात द्रोण होता, पाणी पिऊन रिकामा झालेला, आणि तो कुठं टाकावा हे त्याला कळत नव्हतं. तो "बरं" म्हणाला. कागदावर अंगठा उठवला. पायऱ्या उतरताना तो मुलीला बोलत होता ते ऐकू आलं.

"तरी सांगितलंवतं तुला, ताई सांगत्याल तसं कर."

"केलं की तसंच."

पुढे दीड महिन्याने बाई मुंबईला जाऊन आल्या. त्यांचं भाषण छापून आलं, त्याची एक प्रत मला दिली. शेवटी माझे आभार होते. डाव्या बाजूच्या मुलांबद्दलचं ते वाक्य होतं, दोन वेळा होतं. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. तक्ता तोच राहिला, थाळी तीच राहिली, आणि मी त्यानंतरही सहा-सात महिने मोजत होते. डाव्या बाजूचं मूल समोर बसलं की मी खाली फळीकडे बघायचे. दोनदा मी खाण्याची कामं शेवटी घेतली, आधी नाडी आणि मणी; गुण वाढले. बाईंनी विचारलं, क्रम का बदलला? मी म्हणाले, चुकून झालं. पुन्हा क्रम सरळ केला. मग बंगल्याच्या मालकाला बंगला हवा झाला, केंद्र बंद पडलं आणि बाई पुण्याला परत गेल्या. माझं लग्न झालं. सासर कामशेतचं, तांदळाचं दुकान.

चार वर्षांनी बाजाराच्या दिवशी दुकानाच्या समोरच पत्रावळींचा ढीग घेऊन तो माणूस बसला होता. त्यानेच आधी ओळखलं. "ताई, वळख हाय का?"

शेजारी ती होती. तेरा वर्षांची असेल. उंच झाली होती. डावा हात छातीशी घट्ट आखडून आला होता आणि मूठ पार मिटली होती. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून मुठीत चिंधी कोंबली होती. चिंधी ओली होती. मी जवळ गेले तेव्हा वास आला, तोही लिहायला हवा. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे ती बांधत होती. दोरीचं एक टोक दातात, दुसरं उजव्या हातात, आणि गठ्ठा पायाखाली दाबलेला. पत्रावळी आता तिला लावता येत नव्हत्या. ते बापाने सांगितलं. आवणीलाही कोणी बोलवत नाही, म्हणाला. रोपाची मूठ धरता येत नाही, मग पोरी हसतात.

"तुमी पुढच्या वर्षाला या म्हनलावता. आलतो आमी," तो म्हणाला. "फाटकाला कुलूप. माळी म्हनला, बाया पुन्याला गेल्या."

 

मुलगी माझ्याकडे निरखून बघत होती. दोरी दातांतून सोडून ती बापाला म्हणाली, "ह्याच बाई. शेंगा द्यायच्या न् कागदावर लिवायच्या." मग मला म्हणाली, "लय ग्वाड व्हती चिक्की."

तेव्हा मी विचारलं. चार वर्षांपूर्वी ओट्यावरून विचारायचं होतं ते बाजारात, लोकांच्या ये-जा करण्यात विचारलं. "त्या दिवशी तू डावा हात मांडीखाली का ठेवला होतास?"

"खायाचं व्हतं न्हवं," ती म्हणाली. "खाताना त्यो हात काडला तर आजी उलटन्याचा चटका द्यायची. मला वाटलं, तुमी बी रागवाल." मग तिने विचारलं, "लावायचा व्हता व्हय, बाई?"

बाप माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "गेली चार वर्सं हेच म्हनती ती, ताई. माजंच कायतरी चुकलं म्हनून परत धाडलं म्हनती. तुमीच सांगा तिला आता."

दुकानातून नवऱ्याने हाक मारली. मी वळून बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं. ती उत्तराची वाट बघत होती. हो म्हणायला हवं होतं. हो, लावायचा होता, आणि तुला ते सांगायची आम्हाला मनाई होती, आणि तुझा द्रोण मी पाहिला होता, तीन वाजायच्या आधी पाहिला होता.

मी म्हणाले, "नाही गं. तसं काही नव्हतं. तुझं काही चुकलं नाही."

"बघ," बाप तिला म्हणाला. "उगा मनाला लावून घेतलंवतं."

तिने मान हलवली. तोंडावर आलेले केस खांद्याने मागे सारले, दोरीचं टोक पुन्हा दातात धरलं आणि पुढचा गठ्ठा पायाखाली ओढला. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. तेवढ्यासाठी मी तसं म्हणाले, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. पण मी ते बापाच्या नजरेला भिऊन म्हणाले. दुकानात नवरा होता, आजूबाजूला ओळखीचे लोक होते. मी दुकानात गेले आणि मापाला बसले.